दहा लिटर दुधाची तीन बिलं

‘संकलित दुधाची क्वांटिटी, फॅट आणि एसएनएफ यांच्या आधारे सिस्टिम उत्पादकाची योग्य रक्कम काढेल.’

मूळ वाक्य इंग्रजीत होतं. (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ.) दीडशेच्या आसपास रिक्वायरमेंट, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरने काय करायचं याच्या मागण्या, असलेल्या कागदात ते अडतिसावं होतं आणि त्याच्यासमोर ‘तपासलं’ अशी हिरवी खूण होती. या एका वाक्याभोवती आमचे अकरा दिवस गेले. ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण रिक्वायरमेंटची तपासणी म्हणजे भाषेची डागडुजी, असं समजणारे लोक मला अजूनही भेटतात आणि त्या समजुतीची किंमत भलतंच कुणीतरी भरतं.

प्रकरण असं. वाळवा आणि पलूस तालुक्यांतल्या गावांतून दूध गोळा करणारा एक संघ. काही केंद्रांवर जुनं सॉफ्टवेअर, तेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही ठिकाणी अजून वहीच. सगळीकडे एकच प्रणाली आणायची म्हणून संघाने पुण्यातल्या एका कंपनीला काम दिलं. कंपनीच्या माणसांनी संघाच्या मुख्य कार्यालयात तीन बैठका घेतल्या आणि रिक्वायरमेंटचा कागद तयार केला. सह्या होण्याआधी बाहेरच्या कुणीतरी तो पाहावा असं ठरलं. मी सांगलीत विश्रामबागला राहते, हेच काम करते, म्हणून कागद माझ्याकडे आला.

कागद निष्काळजीपणे लिहिलेला नव्हता, हे आधीच सांगते. प्रत्येक वाक्याला नंबर होता, बहुतेक वाक्यांत एकच मागणी होती, लिहिणाऱ्या मुलाने मेहनत घेतली होती.

वाचून जेवढं सापडलं तेवढं

पहिले दोन दिवस मी नेहमीसारखी वाचत गेले. या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८. ते २०११ साली आलं आणि २०१८ साली सुधारलं. त्याआधी अनेक वर्षं आयईईई ८३० वर काम चालायचं. २९१४८ मध्ये एकेका रिक्वायरमेंटचे गुण दिले आहेत: ती गरजेची असावी, तिचा एकच अर्थ निघावा, ती पुरी असावी, करता येण्याजोगी असावी, पडताळून पाहता यावी, वगैरे. त्याच मानकात सगळ्या रिक्वायरमेंटच्या संचाचे गुण वेगळे दिले आहेत. पहिली यादी सगळे वापरतात. दुसरीकडे फारसं कुणी वळत नाही, कारण तिच्यासाठी पूर्ण कागद एकदम डोक्यात धरावा लागतो.

वाचताना ‘योग्य’, ‘जलद’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘इत्यादी’ अशा शब्दांवर खुणा पडल्या. अडतिसाव्या वाक्यातल्या ‘योग्य’वरही पडली. लेखकाने लगेच उत्तर पाठवलं: ‘योग्य’ काढून टाकतो, मग वाक्य स्वच्छ होईल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मीसुद्धा ते मान्य करून पुढे गेले असते.

अडवलं ते भाषांतराने. सह्या केंद्रांच्या सचिवांच्याही लागणार होत्या आणि त्यांना फक्त सहीचं पान पाठवायचा बेत होता. ते मला पटलं नाही. ज्या वाक्यांवर माणसाचा दर दहा दिवसांचा पगार ठरतो, ती त्याच्या प्रतिनिधीने वाचलेली असली पाहिजेत. (आमच्याकडे दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात.) म्हणून दर, मोजमाप आणि बिलाची वाक्यं मराठीत करायला घेतली. तिथे पहिल्याच शब्दाला अडखळले. क्वांटिटी म्हणजे काय लिहू, माप की वजन? इंग्रजी शब्दाने तो निर्णय न घेता चालवून नेलं होतं. मराठीत मला निवडावं लागत होतं, आणि निवडायला कागदात आधार नव्हता. ‘युजर’चंही तसंच. एका वाक्यात युजर म्हणजे सचिव, दुसऱ्यात दूध तपासणारा टेस्टर, तिसऱ्यात संघाचा लिपिक, आणि एका ठिकाणी थेट उत्पादक.

मराठीचे स्वतःचे खड्डेही आहेत, तेही भरावे लागतात. ‘नोंद दुरुस्त केली जाईल’ हे कानाला सरकारी आणि भारदस्त वाटतं, पण करणारा गायब असतो. ‘१० तारखेपर्यंत’मध्ये १० तारखेची संध्याकाळ येते की नाही? ‘सचिव नोंद बदलू शकेल’ आणि ‘सचिवच नोंद बदलू शकेल’ यांत एका ‘च’चा फरक आहे, आणि त्या ‘च’वर उद्या भांडण होऊ शकतं.

हिशोबाला बसलो

चौथ्या दिवशी मी वाक्यावरची चर्चा थांबवली. तीन माणसांना तीन टेबलांवर बसवलं: वाळवा तालुक्यातल्या एका केंद्राचे सचिव (सगळे त्यांना आबा म्हणतात), संघाच्या हिशोब विभागातला लिपिक आणि पुण्याहून आलेला प्रोग्रामर. तिघांना एकाच दुधाचे आकडे दिले. काट्यावरचा आकडा १०.३०, फॅट ३.८६, सीएलआर २८. सीएलआर म्हणजे तापमानाची दुरुस्ती धरून लॅक्टोमीटरचा, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा. दर सरावापुरता धरला: ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला लिटरमागे ३० रुपये, एक पॉइंट वर गेला की ३० पैसे जास्त, खाली आला की ३० पैसे कमी. पॉइंट म्हणजे ०.१. ‘अडतिसावं वाक्य वाचा आणि रक्कम काढा, एकमेकांना विचारू नका,’ एवढंच सांगितलं.

आबांचं उत्तर २९७ रुपये. लिपिकाचं ३०९. प्रोग्रामरचं ३०९ रुपये ९५ पैसे.

प्रोग्रामर म्हणाला, “मॅडम, आमच्या दोघांत पंच्याण्णव पैशांचा फरक आहे, तो राउंडिंगचा. आबांचं तेवढं काहीतरी चुकलंय.” खोलीतल्या बहुतेकांना ते पटलं. मी तिघांचे कागद फळ्यावर पायरीपायरीने उतरवून घेतले, आणि प्रकरणाचा खरा भाग तिथून सुरू झाला.

आबांनी फॅटचा दुसरा दशांश अंक सोडून दिला: ३.८६ चे ३.८. केंद्रावर कायम तसंच करतात. एसएनएफसाठी त्यांचं सूत्र: सीएलआर भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. उत्तर ८.१५८, त्याचे धरले ८.१. फॅटचे तीन पॉइंट वर, एसएनएफचे चार पॉइंट खाली, दर २९.७०. काट्याचा आकडा किलोत असतो हे त्यांना ठाऊक, म्हणून १०.३० ला १.०३ ने भागून १० लिटर.

लिपिकाने फॅट जवळच्या अंकाला नेलं: ३.९. सूत्र मात्र वेगळं: सीएलआर भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४. उत्तर ८.४१५, धरले ८.४. दर ३०.९०, लिटर १०.

प्रोग्रामरने काहीच कापलं नाही, शेवटपर्यंत सगळे अंक ओढले. सूत्र इंटरनेटवरून घेतलं, ते योगायोगाने आबांचंच निघालं. दर आला ३०.०९. आणि काट्यावरचे १०.३० हे त्याने लिटरच धरले.

म्हणजे लिपिक आणि प्रोग्रामर यांच्यात एकही पायरी सारखी नव्हती. प्रोग्रामरचा दर लिटरमागे ८१ पैशांनी कमी, पण त्याचं दूध ३०० मिलिलिटरने जास्त. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. मी त्या दोघांनाच बसवलं असतं, तर पंच्याण्णव पैसे राउंडिंगच्या नावावर टाकून आम्ही उठलो असतो. उत्तरं जुळली की अर्थ जुळला, असं धरून चालता येत नाही. पायऱ्या पाहाव्या लागतात, आणि निदान तिसरा माणूस लागतो.

दोन्ही सूत्रं डेअऱ्यांमध्ये वापरात आहेत, हेही महत्त्वाचं. कुणी चुकीचं शिकलेलं नव्हतं. वेगवेगळे लॅक्टोमीटर आणि वेगवेगळे संघ यांच्याबरोबर वेगवेगळे स्थिरांक चालत आले आहेत. ४ फॅट आणि २८ सीएलआरला एक सूत्र ८.२० देतं, दुसरं ८.४४. रोज दहा लिटर घालणाऱ्या घराला हा फरक महिन्याच्या शेवटी जाणवतो.

या वेळी कुणीतरी मंगळावरच्या यानाची आठवण काढली. मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. ही गोष्ट रिक्वायरमेंट लिहिली नाही म्हणून काय होतं, याचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. तसं नव्हतं. मेट्रिक एकक वापरायचं हे त्यांच्या दस्तऐवजात लिहिलेलं होतं. ते पाळलं गेलं नाही, आणि पाळलं गेलं नाही हे तपासण्यांत पकडलं गेलं नाही. आमच्या कागदात एककच नव्हतं, म्हणजे पडताळायचं तरी कशाशी?

केंद्रावरची सकाळ

पुढच्या सोमवारी पहाटे साडेपाचला आबांच्या केंद्रावर गेले. लिहिलेलं वाक्य वाईट असेल तर ते वाचून सापडतं. जे वाक्य लिहिलेलंच नाही, ते कागदावर कसं सापडणार? त्यासाठी काम चालू असताना शेजारी उभं राहावं लागतं.

सहाच्या सुमाराला रांगेत एक मावशी आल्या. फॅट लागलं ३.६.

“काल चार-एक लागल्यालं. गाय तीच, वैरण तीच. परत लावा की.”

टेस्टरने वाटीतलं दूध पुन्हा ढवळलं, त्याच दुधाची परत चाचणी लावली. ३.८. आबांनी वहीत ३.६ वर एक रेघ मारली, शेजारी ३.८ लिहिलं आणि सही केली. रेघेखालचा आकडा वाचता येत होता. पुढचा माणूस.

मी पिशवीतून कागद काढून तिथेच चाळला. फेरचाचणी हा शब्दच त्यात नव्हता. होतं ते एवढंच: ‘चुकीची नोंद दुरुस्त करता येईल.’ कुणी दुरुस्त करायची, किती वेळात, जुना आकडा राहणार की पुसला जाणार, यातलं काही नाही. वहीतली ती एक रेघ म्हणजे उत्पादकाचा हक्क होता, आणि नव्या प्रणालीत तो कुणाच्याही मनात वाईट नसताना नाहीसा होणार होता. मुख्य कार्यालयात हे कुणाला आठवलं नाही, कारण तिथे पोहोचतो तो शेवटचा आकडा.

आबांना विचारलं, “आबा, दुसऱ्यांदा कमी लागलं तर?”

“दुसरं लागंल त्येच धरायचं. कमी तर कमी. न्हाईतर समदी रांग परत लावा म्हनंल.”

मावशी अजून तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “कमी आलं तर कमी धरा. पर चिठ्ठीवर दोन्ही दिसू द्या.”

नवीन रिक्वायरमेंट जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहिली: ‘जर उत्पादकाने नोंद कायम होण्याआधी फॅटबद्दल शंका घेतली, तर टेस्टर त्याच नमुन्याची एकदाच फेरचाचणी करेल. सिस्टिम दुसरा आकडा बिलासाठी धरेल आणि पावतीवर दोन्ही आकडे छापेल.’ ही जर-तरची बांधणी मी हौसेने वापरत नाही. रोल्स-रॉइसमध्ये अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ईअर्स नावाची पद्धत मांडली. जेव्हा काही घडतं तेव्हा, जोपर्यंत एखादी स्थिती आहे तोपर्यंत, जर नको ते घडलं तर, अशा मोजक्या साच्यांत रिक्वायरमेंट लिहायची. इंग्रजीत ती शिकवावी लागते. मराठीत जेव्हा-तेव्हा, जर-तर या जोड्या जन्मापासून तोंडात आहेत; ‘जर’ लिहिलं की ‘तर’ मागे लागतोच. आबांनी ते वाक्य एकदा वाचलं आणि त्यात चूक दाखवली. मी आधी ‘पावती छापल्यावर’ लिहिलं होतं. “पावती छापली की मानूस घरी जातो,” ते म्हणाले. मग ‘नोंद कायम होण्याआधी’ झालं.

त्याच सकाळी पावणेसातला लाईट गेली. पुढची नोंद वहीत झाली, नंतर मशीनमध्ये भरली. प्रणालीत ती वेळ कोणती दिसणार, दूध घातल्याची की नोंद भरल्याची? हेही कागदात नव्हतं, पण ते तासाभरात मिटलं.

पुराचं वाक्य

एक वाक्य असं होतं: ‘पूरस्थितीत केंद्राचं काम खंडित होणार नाही.’ सांगलीच्या माणसाला पूरस्थिती म्हणजे काय हे विचारायची गरज पडत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, हे आकडे घराघरांत पाठ आहेत. मोजायची जागा एक, पट्टी एक, रेघ एक. पडताळता येणारी रिक्वायरमेंट कशी असते हे समजावताना मी नेहमी हेच उदाहरण देते.

म्हणून लेखकाने उत्साहाने लिहिलं: ‘जोपर्यंत आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांच्या वर आहे, तोपर्यंत सिस्टिम ऑफलाइन चालेल.’ मला ते आवडलं. आबांनी मान हलवली. त्यांच्या गावाचा रस्ता पूल ४५ ला जायच्या आधीच पाण्याखाली जातो. दुसऱ्या एका गावात उलट: गाव उंचावर, रस्ता मोकळा, पण मोबाइलचा टॉवर बंद. वाक्य मोजता येण्याजोगं होतं, नेमकं होतं आणि चुकीचं होतं. आम्ही पुराचं नाव काढूनच टाकलं. ‘जोपर्यंत केंद्राचा सर्व्हरशी संपर्क नाही, तोपर्यंत सिस्टिम नोंदी केंद्रावरच साठवेल,’ आणि वेगळं वाक्य, ‘जर सलग दोन वेळा टँकर आला नाही, तर सिस्टिम सचिवाला शिल्लक दुधाची नोंद विचारेल.’ मग पाऊस असो, संप असो की रस्ता खचलेला असो.

आणखी एक जोडी सांगते, कारण ती एकेक वाक्य तपासून कधीच सापडली नसती. एकशे बारावं: ‘सिस्टिम संकलनाच्या नोंदी १८० दिवस ठेवेल.’ निर्दोष वाक्य. एकसष्टावं: ‘सिस्टिम उत्पादकाच्या वर्षभराच्या एकूण लिटरवर दूध फरक काढेल.’ तेही निर्दोष. दिवाळीला फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वरची रक्कम, निघतं, आणि ते काढायच्या वेळी निम्म्या वर्षाच्या नोंदी पुसलेल्या असणार होत्या. दोघांनाही हिरवी खूण होती, आणि प्रत्येकीपुरती ती खरीच होती.

निर्णय कुणाचा

सूत्राचा प्रश्न सगळ्यात जास्त रखडला. कंपनी म्हणत होती, मॅडम, तुम्हीच एक सांगा, आम्ही टाकतो. संघातला एकजण म्हणाला, सध्या ‘सेटिंगमध्ये बदलता येईल’ असं लिहा. मी दोन्हीला नकार दिला. सूत्र निवडणं म्हणजे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणं. तो अधिकार तपासणाऱ्याचा नाही आणि प्रोग्रामरचा तर नाहीच. ‘बदलता येईल’ ही पळवाट होती. कोण बदलणार, कधीपासून लागू, उत्पादकाला कसं कळणार, हे न लिहिता तो शब्द आत गेला असता तर आज आबा आणि लिपिक यांच्यात जो फरक आहे तोच उद्या मशीनमध्ये जाऊन बसला असता. मी फक्त एवढं लिहिलं: या वाक्याचा मालक संचालक मंडळ, निर्णय होईपर्यंत वाक्य नापास.

लोक चिडले. कामाची तारीख पुढे जात होती आणि दोष माझ्यावर येत होता. पण अकराव्या दिवशी निर्णय आला: आबांचं सूत्र, फॅट आणि एसएनएफ जवळच्या पहिल्या दशांशाला, एसएनएफ काढताना मात्र फॅटचे दोन्ही दशांश धरायचे, वजन किलोत, १.०३ ने भागून लिटर. अडतिसाव्या वाक्याची सात वाक्यं झाली आणि त्यांच्याखाली सोडवलेलं उदाहरण जोडलं. तेच दूध: १०.३०, ३.८६, २८. फॅट ३.९, एसएनएफ ८.२, दर ३०.३०. रक्कम ३०३ रुपये. तिघांपैकी कुणाचंच नव्हतं.

आता प्रत्येक पैशाच्या रिक्वायरमेंटखाली असं एक उदाहरण असावं, असा आग्रह मी धरते. प्रोग्रामरने तेच पहिल्या चाचणीला घेतलं, आणि संघाने ते मोठ्या अक्षरांत छापून केंद्रांच्या भिंतीवर लावायचं ठरवलं.

सातपैकी एक वाक्य अजून लाल आहे. दूध कोमट असेल तर लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो; म्हणून तापमान पाहून दुरुस्ती करायची असते, तेव्हा तो सीएलआर होतो. ती दुरुस्ती टेस्टरने मनात करायची की तापमान भरून सिस्टिमने करायची? सिस्टिमने करावी असं सगळ्यांचं मत आहे. मालक म्हणून संघाच्या गुणनियंत्रण अधिकाऱ्यांचं पद लिहिलं आहे, आणि त्या भागाचं कोडिंग थांबवलं आहे. परवा आबांचा फोन आला. त्यांनी आपल्या भागातल्या केंद्रांवर स्वतः चौकशी केली होती. निम्म्याहून जास्त ठिकाणी थर्मामीटरच नाही.